उभं राहताच अंधारी येते, अल्ट्रासाउंडने बरं होईल का?

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. जुना मधुमेह आहे. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब आपोआप सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बिघडली आहे. फोकस्ड अल्ट्रासाउंडसाठी मुंबई गाठू का? – एक वाचक, बोईसर

उत्तर : त्यासाठी आत्ता गाडी पकडू नका. या तंत्रात ध्वनिलहरी शरीरातल्या एका बिंदूवर एकवटतात. हात थरथरण्याच्या आजारासाठी अमेरिकेत 2016 साली त्याला मान्यता मिळाली. तुमच्या तक्रारीच्या सर्वांत जवळचा उपयोग म्हणजे मूत्रपिंडाच्या धमनीत नळी घालून तिच्याभोवतीच्या नसा अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने निकामी करणे. त्याला अमेरिकेत 2023मध्ये मान्यता मिळाली. पण तो उच्च रक्तदाबावर, म्हणजे दाब उतरवण्यासाठी! तुमचा दाब तर उभं राहताच पडत असावा. प्लीहा, यकृताच्या नसा अल्ट्रासाउंडने हलकेच चेतवण्याचे प्रयोग अजून बाल्यावस्थेत आहेत. प्रयोगात घेतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर नाव देऊ नका.

आधी हे करा. पाच मिनिटं आडवे पडून रक्तदाब मोजा, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला, तर ते आकडे आणि सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीनेही असं होतं. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका. उठताना आधी काठावर बसा, पोटऱ्या आवळा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. आणि शिफ्टमध्ये उंचावर चढायचं काम असेल, तर सुपरवायझरला आजच सांगा.