दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील छेद आणि कर्करोगाचा प्रसार

पित्ताशयात खडे झाले म्हणून पोट उघडण्याची वेळ आता क्वचितच येते. भिलाईसारखी पोलादनगरी असो की मुंबई, पोटावर अर्ध्या ते एक सेंटीमीटरचे तीन-चार छेद घेतात, त्यांत नळ्या बसवतात, कार्बन डाय-ऑक्साइड वायूने पोट फुगवतात आणि दुर्बिणीतून पाहत पित्ताशय काढतात. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी प्रथम केली. मात्र पित्ताशयात कर्करोग लपलेला असेल, तर हेच लहान छेद धोक्याचे ठरू शकतात. काही महिन्यांनी छेदाच्या जागी त्वचेखाली कर्करोगाची गाठ येते.

अशा प्रसाराची पहिली नोंद १९७८ सालची असून ती अंडाशयाच्या कर्करोगाची होती. १९९४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चौदा रुग्णांपैकी तिघांत अशा गाठी आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि या पद्धतीविषयीच शंका निर्माण झाली. २००४ साली ८७२ रुग्णांच्या पाहणीने ती बरीचशी दूर केली. दुर्बिणीची असो वा पोट उघडून केलेली, दोन्ही शस्त्रक्रियांत जखमेतील गाठींचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. काळजीपूर्वक हाताळणी केल्यास हा धोका टाळता येतो, हा त्याचा अर्थ.

पित्ताशय फाटले तर पित्ताबरोबर सुट्या कर्कपेशी सांडतात. अवयव अरुंद छेदातून ओढताना त्या जखमेला चिकटतात. भरून येणारी जखम त्यांना रुजण्यास अनुकूल असते. म्हणून शल्यविशारद अवयव न फाडता सोडवतो, पिशवीत घालून बाहेर काढतो, नळ्या पक्क्या बसवतो आणि नळ्या काढण्यापूर्वी त्यांतूनच वायू सोडून देतो. कर्करोगाचा दाट संशय आधीच असेल, तर साधी पित्ताशयाची शस्त्रक्रिया न करता कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवणे श्रेयस्कर.

उत्तर भारतातील गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तेव्हा काढलेले प्रत्येक पित्ताशय उघडून पाहावे आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवावे. कर्करोग नंतर उघड झाला, तर जुने छेद सरसकट कापून काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे आढळले आहे. यकृताचा लगतचा भाग व लसीकाग्रंथी काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया हवी की नाही, हे रोग पित्ताशयाच्या भिंतीत किती खोल गेला यावर ठरते. ती खोली तपासणीच्या अहवालातच कळते. त्यामुळे टाके निघाले, दुखणे थांबले, तरी तो अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना दाखवेपर्यंत उपचार पूर्ण झाला असे रुग्णाने समजू नये.