खेकड्याचे कवच : सामान्य विज्ञानाचा एक पाठ

पावसाळ्यात ओढ्याकाठी किंवा भातखाचराच्या बांधावर खेकड्याचे रिकामे कवच पुष्कळदा सापडते. असेच एक कवच एका विद्यार्थ्याने वर्गात आणले असता, "हा मेलेला खेकडा होय," असे सांगून मी पुढे गेलो. तोच मागून प्रश्न आला, "गुरुजी, मेला असेल तर ह्याला वास कसा नाही?" मला उत्तर देता आले नाही. मुलाचे निरीक्षण अचूक होते व माझे विधान चुकीचे. पुढील पाठ त्या चुकीतूनच तयार झाला आहे.

प्रस्तावना : आपली हाडे शरीराच्या आत असतात व शरीराबरोबर वाढतात, हे मुलांस ठाऊक असते. "आखूड झालेल्या सदऱ्याचे आपण काय करतो?" असे विचारून विषयाकडे वळावे.

विषयविवेचन : खेकडा, कोळंबी, शेवंड ह्या प्राण्यांच्या अंगात हाडे नसतात. आधार व संरक्षण ही दोन्ही कामे बाहेरचे कवचच करते. स्नायूही त्यालाच आतून जोडलेले असतात. हे कवच कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे असून कॅल्शियम कार्बोनेट ह्या क्षारामुळे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्यामुळे, त्यास टणकपणा येतो. टणक झालेले कवच वाढत नाही. म्हणून प्राण्यास वाढावयाचे तर ते टाकावेच लागते.

प्रथम जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होते व जुन्यातील काही क्षार शरीरात परत घेतला जातो. मग पाणी शोषून अंग फुगते, पाठीच्या मागील कडेस कवच उकलते आणि खेकडा मागच्या मागे बाहेर सरकतो. नांग्या, पाय, डोळे ह्यांवरील आवरणच नव्हे, तर जठराचे अस्तरही जुन्या कवचाबरोबर निघते. त्यामुळे रिकामे कवच हुबेहूब खेकड्यासारखे दिसते. नवे कवच कठीण होईपर्यंत खेकडा असहाय असतो व दगडाखाली किंवा बिळात लपून राहतो. टाकलेले कवच खाऊन तो पुष्कळदा त्यातील क्षार परत मिळवितो.

तुटलेला पायही कवच टाकता टाकता पुन्हा वाढतो. गोड्या पाण्यातील शेवंडीसारख्या एका प्राण्याविषयी हे निरीक्षण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर ह्यांनी १७१२ साली प्रसिद्ध केले.

प्रयोग : कवचाचा तुकडा व अंड्याचे टरफल निरनिराळ्या पेल्यांत शिरक्यात ठेवावे. दोहोंवर बुडबुडे दिसतील. काही दिवसांनी कवचाचा तुकडा मऊ व लवचीक झालेला आढळेल. क्षार विरघळला, कायटिन उरले.

सूचना : ओढ्यावर नेल्यास मुलांनी उचललेला प्रत्येक दगड जागच्या जागी ठेववावा, त्याखाली मऊ अंगाचा खेकडा असू शकेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली व ते कवच पुन्हा त्या मुलाच्या हाती दिले. पाठीमागील फट त्यानेच सर्वांस दाखविली.