नाताळचा गोठा : प्रथा कुठून आली, कशासाठी आली?



आगमनकाळ संपत आला की आपल्या घराघरांत लगबग सुरू होते. पेटीतून मूर्ती बाहेर निघतात, कोणी भाताचा पेंढा आणतो, कोणी वाटीत पेरलेली नाचणी हिरवी झाली की नाही ते पाहतो. मंदिरातील गोठ्यासाठी तरुण मंडळी रात्री जागवतात. दरवर्षी करतो म्हणून यंदाही आपण गोठा करतो. पण तो प्रथम कोणी केला, कशासाठी केला आणि त्यात काय होते, हे आपण आपल्या मुलांना सांगतो का? या लेखात ते थोडक्यात पाहू या.

१. शुभवर्तमानातील गव्हाण

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीचा उल्लेख तीनदा करतो (लूक २:७, १२, १६). उतारशाळेत जागा नव्हती म्हणून पवित्र मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवले आणि मेंढपाळांना खूण मिळाली तीही गव्हाणीचीच. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालण्याची जागा. जगाच्या तारणाऱ्याचा पहिला बिछाना तो!

बैल आणि गाढव यांचा उल्लेख मात्र लूक करीत नाही. ते आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून (यशया १:३). बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखते, पण माझी प्रजा मला ओळखत नाही, असे दुःख परमेश्वर तिथे व्यक्त करतो. चौथ्या शतकातील ख्रिस्ती शवपेट्यांवर कोरलेल्या जन्मदृश्यांतही हे दोन प्राणी दिसतात. म्हणजे गोठ्यातले बैल-गाढव शोभेसाठी नाहीत. मुक्या जनावरांनी ज्याला ओळखले, त्याला आपण ओळखतो का, असे ते आपल्याला विचारतात.

२. मातीची गव्हाण की चांदीची?

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या काळी बेथलेहेमच्या गुहेवर मंदिर उभे राहिले. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम इ.स. ३८६ मध्ये बेथलेहेमला येऊन राहिले. नाताळच्या एका प्रवचनात त्यांनी आपली खंत बोलून दाखविली आहे. ख्रिस्ताचा मान राखावा म्हणून मातीची गव्हाण काढून तिथे चांदीची ठेवली गेली होती. देणाऱ्यांच्या भक्तीला त्यांनी नावे ठेवली नाहीत. पण जी काढून टाकली तीच आपल्याला अधिक मोलाची वाटते, असे त्यांनी सांगितले. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे बोल आजही आपल्याला लागू पडतात.

३. ग्रेच्चो, नाताळ १२२३

घरोघरी पोहोचलेल्या आपल्या गोठ्याचे मूळ इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी सापडते. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघाच्या नियमांना मान्यता दिली. त्यानंतर फ्रान्सिस ग्रेच्चोला आले. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी योहान नावाच्या तिथल्या एका सरदाराला बोलावून आपली इच्छा सांगितली. बाळ येशूला किती गैरसोय सोसावी लागली, तो गवतावर कसा निजला, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

योहानने सांगितल्याप्रमाणे तयारी केली. काय काय होते त्या गोठ्यात? एक गव्हाण, गवत, एक जिवंत बैल आणि एक जिवंत गाढव. बस्स! मूर्ती नव्हत्या. गावकरी मेणबत्त्या आणि मशाली घेऊन रात्री डोंगर चढून आले. गव्हाणीवरच पवित्र मिस्साबलिदान अर्पण करण्यात आले. फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, डीकन होते. त्यांनी शुभवर्तमान गायिले आणि बेथलेहेमच्या बाळाविषयी प्रवचन केले.

फ्रान्सिस यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी त्या रात्रीची आणखी एक हकीकत लिहून ठेवली आहे. जमलेल्यांपैकी एका सज्जनाला दृष्टान्त झाला. गव्हाणीत एक बाळ निपचित पडले होते आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते जागे झाले. थॉमस याचा अर्थ असा लावतात की, पुष्कळांच्या अंतःकरणात बाळ येशूचा विसर पडला होता, तो फ्रान्सिस यांच्या सेवेमुळे पुन्हा जागा झाला. गोठ्याचा हेतू याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

पुढे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ही प्रथा दूरवर नेली. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे त्याच संघाचे होते. १ डिसेंबर २०१९ रोजी तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर ग्रेच्चो येथेच स्वाक्षरी केली आणि घरांत, शाळांत, इस्पितळांत गोठा करण्याची प्रथा जपावी, असे आवाहन केले.

४. प्रथेचा विसरलेला अर्धा भाग

चेलानोचे थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गोरगरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना रोजच्यापेक्षा जास्त वैरण मिळावी आणि पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावे, अशी संत फ्रान्सिस यांची इच्छा होती. सम्राटाची भेट झाली तर तसा हुकूम काढण्याची आपण त्याला विनंती करू, असे ते म्हणत.

गोठा आपण उचलला, ही इच्छा मागेच राहिली. आज गोठ्यात झुळझुळ वाहणारे झरे येतात, रंगीत दिव्यांच्या माळा येतात, स्पर्धेचे क्रमांकही लागतात. हौसेने केलेल्या कामात वाईट काही नाही. मुलांचे हात त्यात गुंतले तर चांगलेच. पण मध्यरात्रीच्या मिस्साला आपण गोठ्याचे फोटो काढत बाहेर उभे राहिलो आणि शेजारच्या घरात यंदा चूल कशी पेटते याची विचारपूसही केली नाही, तर आपला गोठा सुंदर असूनही बाळ मात्र निजलेलेच राहील.

५. यंदा आपण काय करू या?

• बाळ येशूची मूर्ती नाताळच्या रात्रीच गव्हाणीत ठेवू या. त्यापूर्वी घरातील सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाने लूक २:१-२० मोठ्याने वाचावे.
• सजावटीच्या खर्चातील काही भाग बाजूला काढून तो गाजावाजा न करता एखाद्या गरजू कुटुंबापर्यंत पोहोचवू या.
• आजारी किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन तिथे छोटासा गोठा मांडून देऊ या.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरच्या गोठ्यात कोणती गोष्ट येशूच्या गरिबीची आठवण करून देते?
२. ग्रेच्चोला गव्हाण हीच वेदी झाली. गोठ्यापुढून आपण वेदीकडे जातो, की गोठ्यापाशीच थांबतो?
३. आपल्या आळीत यंदा कोणासाठी जागा नाही?