थकलेल्या सेविकेस भाकर कोण देईल?

पाठ : १ राजे १९, वचनें १ ते २१. सोबत वाचावें : लूक १०, वचन ७, गलती ६, वचनें २ ते ६.

ईजबेल राणीच्या धमकीनें भ्यालेला एलीया रानांत गेला, रतामाच्या झाडाखालीं निजला आणि मरण मागूं लागला, हें वृत्त आपण पुष्कळ वेळां वाचलें आहे. आज तें एका निराळ्या हेतूनें वाचूं या. आपल्या खेड्यापाड्यांत घरोघर फिरून गरोदर स्त्रियांची व तान्ह्या बाळांची विचारपूस करणाऱ्या, क्षयरोग्यास नेमानें औषध घ्यावयास लावणाऱ्या ज्या आरोग्यसेविका आहेत, त्यांपैकीं कित्येक थकून जातात व कांहीं काम सोडून देतात. त्या कशानें खचतात आणि कशानें टिकतात, हें समजण्यास हा अध्याय आपणांस साह्य करील. थकलेल्या सेवकाशीं देवानें कसें वर्तन केलें तें क्रमानें पाहूं.

१. भाकर. देवदूतानें एलीयास बोल लावला नाहीं, कीं सेवाधर्मावर उपदेश केला नाहीं. त्यानें त्यास भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हा उठवून जेवूं घातलें. आपली रीत बहुधा उलट असते. सेविकेनें पैशाची गोष्ट काढली कीं आपण म्हणतों, "ही तर सेवा आहे." परंतु कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हें प्रभूनेंच शिकविलें. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत साधारण एक हजार वस्तीस एक याप्रमाणें आशा सेविका नेमण्यांत आल्या. त्यांस स्वयंसेविका म्हणतात, व त्यांच्या मोबदल्याचा पुष्कळ भाग कामागणिक ठरतो. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. तथापि २०२३ व २०२४ सालीं महाराष्ट्रांतील आशांस मोबदल्यासाठीं संप करावा लागला. नुसत्या गौरवानें चूल पेटत नाहीं. जो दुसऱ्याच्या त्यागाची स्तुति करून त्याची मजुरी थकवितो, तो त्या त्यागाचा मान करीत नाहीं.

२. ऐकून घेणें. होरेबास देवानें एलीयास प्रश्न केला, व त्याचें गाऱ्हाणें एकदां नव्हे, दोनदां ऐकून घेतलें. सेविकेस हुकूम देणारे पुष्कळ, तक्ते भरून मागणारे पुष्कळ; परंतु "बाई, तुम्हांस काय अडचण आहे?" असें विचारणारा विरळा.

३. नेमकें काम व ज्ञान. देवानें एलीयास घरीं बसविलें नाहीं. कोठें जावें व काय करावें हें स्पष्ट सांगितलें. येथें जामखेडचें उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दंपतीनें १९७० सालीं त्या अवर्षणग्रस्त भागांत आरोग्यकार्य आरंभिलें. प्रथम शिकलेल्या परिचारिका गांवोगांव ठेवण्याचा विचार होता, पण त्या खेड्यांत राहीनात. तेव्हां गांवांतल्याच स्त्रिया निवडण्यांत आल्या. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, व कित्येक ज्यांना गांवानें दूर बसविलें होतें अशा जातींतल्या होत्या. त्यांचें मानधन अल्प होतें. म्हणून स्वतःच्या उद्योगानें पोट भरावें यासाठींही त्यांस साह्य देण्यांत आलें. पण त्यांस खरें बळ मिळालें तें ज्ञानानें. काल जिला कोणी विचारीत नव्हतें, तिच्याच हातीं गांव बाळंतपण सोंपवूं लागला. त्यांतील कित्येक स्त्रियांनीं हें काम दशकानुदशकें केलें.

४. सोबती. एलीया म्हणत होता कीं मी एकटाच उरलों. देवानें त्यास सात हजारांची वार्ता दिली, आणि अलीशा सोबतीस दिला. जामखेडच्या सेविका दर आठवड्यास एकत्र जमून शिकत, व आपापल्या गांवचा अनुभव एकमेकींस सांगत. एकीस न सुटलेलें कोडें दुसरीनें सोडविलेलें असे. एकटेपणा हा थकव्याचा थोरला भाऊ आहे. त्यास घालविण्यास संगतीसारखा उपाय नाहीं.

तेव्हां बंधुभगिनींनो, केवळ पैशानें मनुष्य टिकतो असेंही नाहीं, व केवळ भक्तीनें टिकावा असें म्हणणेंही न्यायाचें नाहीं. देवानें एलीयास चारही गोष्टी दिल्या, आणि भाकर आधीं दिली. हाच नियम आमच्या पाळकांस, उपदेशकांस व बायबलबायांसही लागू आहे. मंडळीनें आपल्या घरापासून आरंभ करावा.

करावयाच्या गोष्टी. रात्रीं प्रसूतीसाठीं सेविकेस बोलाविलें तर तिला आणावयास व परत पोंचवावयास घरचें माणूस पाठवावें. तिला ओसरीवर तिष्ठत न ठेवतां घरांत बसवून पाणी द्यावें. तिची मजुरी थकली असेल तर ग्रामसभेंत मंडळीच्या वडिलांनीं उभें राहून तिच्या वतीनें बोलावें. प्रार्थनेंत तिचें नांव घ्यावें. पण प्रार्थना करून तिच्या हक्काची गोष्ट विसरूं नये.

मननासाठीं प्रश्न

१. देवदूतानें एलीयास उपदेशाआधीं भाकर कां दिली असावी?
२. आपल्या गांवच्या सेविकेचें नांव, तिचें घर व तिची अडचण आपणांस ठाऊक आहे काय?
३. या चारांपैकीं कोणती गोष्ट आपली मंडळी तिला याच आठवड्यांत देऊं शकेल, व ती कोण देईल?