आधी कचऱ्याचा डबा बघ

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि मला किती तरी वेळ झोपच लागली नाही. महिन्याची वीस तारीख, हातात दीड हजार रुपये आणि वर तुझं ते, "ताई, आईला सांगू नकोस." नाही सांगणार. पण "मला घर चालवता येत नाही" असं रडत रडत म्हणालीस ना, ते मनाला लागलं. अगं, हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. मला नीट जमायला लग्नानंतर दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मला कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगतेय.

स्वस्त भाजी कुठे मिळते, असं तू विचारलंस. ते सांगते, पण नंतर. आधी एक कर. आठवडाभर रोज रात्री ओल्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवण्याआधी त्यात काय काय आहे ते बघ. सालं आणि देठं सोडून दे. पिवळी पडलेली मेथी, पिशवीच्या तळाशी काळी आणि चिकट झालेली कोथिंबीर, अर्धा चिरून विसरलेला कोबी, परवाचा भात. कागदावर लिही आणि पुढे किंमत टाक. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बेरीज बघून पलंगावर बसूनच राहिले. स्वस्त मिळतं म्हणून दोन बस बदलून मार्केट यार्डात जायचे आणि तिथून आणलेलं घरात फेकायचे. एकदा भाव पडले म्हणून टोमॅटोचं अख्खं कॅरेट आणलं होतं, वीस किलोचं. माणसं दोन. चौथ्या दिवशी खालच्या टोमॅटोंना पाणी सुटलं आणि सगळ्या घरात तो आंबूस वास. तुझे भावजी काही बोलले नाहीत, त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

कोथिंबिरीचंच घे. जुडी घरी आली की तशीच फ्रिजमध्ये टाकू नकोस. दोरी सोड. ती बांधलेली असते तिथेच आधी सडायला लागते. मुळं कापून टाक, पिवळी पानं काढ, वर्तमानपत्रावर तासभर पसर म्हणजे वरचं पाणी उडतं. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. धुवायची मात्र नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढीच धू. अशी आठ-दहा दिवस चांगली राहते. कोवळी देठं वेगळी काढून खोबऱ्याच्या वाटणात घाल, पानांपेक्षा स्वाद देठात जास्त असतो. मेथी, पालक आणली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कर. फ्लॉवर, कोबी, दुधी, गाजर थांबतात. आठवड्याची भाजी याच क्रमाने संपवायची, पालेभाज्या आधी, टणक भाज्या शेवटी. आई हेच करायची, आपण कधी लक्ष दिलं नाही.

आता बाजाराचं. रहाटणीहून तुला पिंपरीची मंडई जवळ आहे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत यायचं कारण नाही. पण सोमवारच्या वर्तमानपत्रात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या रविवारच्या आवकेचे भाव येतात, ते वाचायची सवय कर. तिथला भाव दहा किलोंचा असतो आणि पालेभाजीचा शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. हातगाडीवर येईपर्यंत तो दीडपट-दुप्पट होणारच. हातगाडीवाल्याची हमाली, टेंपो, सडलेला माल सगळं त्यात असतं. भाव आधी माहीत असला की आपण फसत नाही, आणि उगाच पाच रुपयांसाठी घासाघीसही करत नाही. एकाच भाजीवाल्या मावशींकडे नेहमी जात राहा. चांगली ओळख झाली की त्याच सांगतील, "आज गवार नको घेऊ, जून आलीय." शहरात शेतकऱ्यांचे आठवडे बाजारही भरतात. २०१६मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, तेव्हापासून शेतकऱ्याला थेट विकणं सोपं झालंय. तुझ्याजवळ कुठे आणि कोणत्या वारी भरतो, ते चौकशी करून ठेव.

आणि दिवस बघून घे. गौरी आल्या की पालेभाज्या महाग, पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं महाग, मार्गशीर्षातल्या गुरुवारी फळं महाग. लिंबू उन्हाळ्यात परवडत नाही, म्हणून थंडीत स्वस्त असतं तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव. पौष-माघात मटार स्वस्त होतो. सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात, निथळून फ्रीजरमध्ये. तेव्हाच चाकवत, चुका, करडईही येतात. ताकातला चाकवत आणि गरम भाकरी, एवढ्यात दोघांचं जेवण होतं आणि पोट भरतं.

कांदा मात्र साठवायचाच, पण कोणता ते नीट ऐक. पावसाळी आणि हिवाळी लाल कांदा टिकत नाही, आठवडा-दोन आठवड्यांपुरताच आण. एप्रिल-मेमध्ये जो गरवा उन्हाळी कांदा येतो तो चार-पाच महिने राहतो. मध्यम आकाराचा, मान बारीक आणि सुकलेली, वरची सालं कोरडी आणि हातात कुरकुरणारी असा निवड. जाड मानेचा कांदा आतून ओला असतो, तो पहिला सडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, टोपलीत पसरून हवेशीर ठेव आणि बटाट्यांपासून लांब. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर कोंब धरतात. दर रविवारी हात फिरवून नरम पडलेला काढ. दिवाळीच्या आधी कांदा चढतो तेव्हा तुझ्या टोपलीत थोडा तरी असेल.

धान्याच्या बाबतीत मात्र मी आईचं ऐकू नकोस असंच सांगेन. तिच्याकडे वाड्यात कोठी होती. तुझ्या वन रूम किचनमध्ये वर्षाचा गहू ठेवायला जागा कुठेय? दोघांना महिन्याला सात-आठ किलो गहू पुरतो. तीन महिन्यांचाच घे, ऊन दाखवून गार झाल्यावर डब्यात भर, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. तूरडाळ जानेवारी-फेब्रुवारीत नवी येते, ती एरंडेलाचा हात लावून ठेवलीस तर सोंडे होत नाहीत. दळण आठवड्याचंच आण, पावसाळ्यात पिठाला जाळी धरायला वेळ लागत नाही. वर्षाचं साठवलं आणि निम्म्याला कीड लागली तर बचत कसली?

आता गॅलरी. तू म्हणालीस, टोमॅटो, वांगी लावू का. राणी, दोन फूट गॅलरीत घरची भाजी पिकत नाही, ती आशा धरूच नकोस, निराश होशील आणि कुंड्या रिकाम्या पडतील. पण ज्याची आपल्याला चार पानं लागतात आणि बाजारात मात्र अख्खी जुडी घ्यावी लागते, ते लाव. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरची, गवती चहा, ओव्याची पानं. कचऱ्याच्या डब्याच्या यादीत बघ, सगळ्यात जास्त वेळा याच वस्तू सापडतील. घरात झाड असलं की तोडली तेवढीच पानं खर्ची पडतात, बाकीची झाडावर ताजी राहतात.

पण आधी दिवसभर ऊन कुठे किती येतं ते बघ. तीन-चार तास येत असेल तर पालेभाजी आणि पुदिना होतो. मिरचीला पाच-सहा तास तरी हवेत. ऊन कमी आणि ओल जास्त अशी जागा असेल, वॉशिंग मशीनच्या नळाशी वगैरे, तर तिथे आळूचा कांदा लाव. पूर्वी मोरीच्या पाण्यावर परसात आळू वाढायचं ते उगाच नाही, फक्त साबणाचं पाणी नको. पण भाजीचंच आळू लाव हं, शोभेचं नाही. भाजीवाल्या मावशींकडून कांदा आण म्हणजे शंका नको.

कोथिंबिरीसाठी धणे किराणा दुकानातलेच चालतात, जरा नवे असले की झालं. पाटावर पसरून वरून वाटीने हलकेच रगड. एका धण्याचे दोन भाग व्हायला हवेत, भुगा नको. रात्रभर भिजत घाल. सहा-सात इंच खोल पसरट टबात भुसभुशीत मातीवर विखुर आणि वर अर्धा इंच माती. रोज पाणी शिंपड, ओतू नकोस. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही. तेव्हा उकरून बघायचा मोह होतो, तो आवर. मग एका सकाळी माती थोडी उचललेली दिसेल आणि खालून दोन-दोन लांबट पानं. महिना-सव्वा महिन्यात कापायला येते. टबाच्या अर्ध्या भागात आज पेर, अर्ध्यात पंधरा दिवसांनी, म्हणजे खंड पडत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र नाद सोड, उन्हाने उगवण कमी होते आणि आली तरी लगेच फुलावर जाते. त्या दिवसांत कोंब आलेल्या लसणाच्या पाकळ्या खोच, लसणाची पात मिळेल.

माती विकत आणून पैसे घालवू नकोस. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारातून काडीकचऱ्यावरच झाडं वाढवायची वाट निघाली, मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजी पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. आपल्याला फक्त एक बादली हवी. रंगाची जुनी बादली घे, तळाला आणि बाजूला भोकं पाड. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवाल्याकडची चिपाडं बारीक करून, मग वाळका पाला आणि तुझ्या भाज्यांची सालं-देठं असे थर. मूठभर शेणखत आणि आंबट ताकाचा शिपका. शिजवलेलं अन्न, तेलकट काही नको, वास येतो आणि उंदीर येतात. महिना-दीड महिन्यात ते बसून काळसर होतं, वर चार इंच माती घातली की मिरचीचं रोप लावायला तयार. ही बादली मातीच्या कुंडीपेक्षा हलकी असते, भाड्याच्या घराच्या ग्रिलवर फार वजन नको. खालच्या काकूंच्या कपड्यांवर पाणी टपकायला नको म्हणून बशी ठेव आणि ती रोज रिकामी कर, डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यातच होतात.

मिरचीची पानं वळायला लागली, चुरडामुरडा दिसला, तर वळलेले शेंडे खुडून टाक आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण घालून पानांच्या खालून फवार, संध्याकाळी. नाही सुधारलं तर रोप उपटून टाक. मन घट्ट कर, नाहीतर शेजारचं रोपही जाईल.

कढीपत्ता विकत आणू नकोस. गावाकडच्या आपल्या झाडाचा एक फुटवा मी सात वर्षांपूर्वी आणला होता, आता त्याच्या मुळांतून माझ्याकडे तीन फुटलेत. त्यातला एक तुझ्यासाठी गेल्या महिन्यात काढून पिशवीत लावला. आधी सगळी पानं गळली, मला वाटलं गेला. काल सकाळी शेंड्याला तांबूस कोवळी फूट दिसली. अजून पंधरा दिवस त्याला हलवायला नको. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोघं जेवायला या. येताना तो कागद आण, डब्यातल्या वस्तूंचा.