खाऱ्या पाण्यातले गोडे आड

दारात पाणी, परसात पाणी. बाजाराला जायचे तर होडीत बसून. अशा गावात प्यायच्या पाण्याची टंचाई होती, असे कुणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण ही गोष्ट खरी आहे. इटली देशात व्हेनिस नावाचे बंदर आहे. त्याच्या चहूकडे समुद्राचे पाणी. ते खारट. म्हणून तिथल्या लोकांनी शेकडो वर्षे पावसाचे पाणी साठवून प्यायले.

मग असल्या जागी ते राहायला गेले तरी कशाला?

चिखलावरचे शहर

सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी उत्तर इटलीवर परक्या टोळ्यांच्या धाडी येऊ लागल्या. गावे लुटली जात. किनाऱ्याला लागून एक उथळ खाडी होती. तिच्यात चिखलाची लहान लहान बेटे होती. जीव वाचवण्यासाठी लोक तिकडे गेले. शत्रूचे घोडे तिथे पोचू शकत नव्हते.

चिखलावर घर कसं उभं राहील? लोकांनी लाकडाचे लांब खुंट चिखलात ठोकले. शेजारी शेजारी, हजारोंनी ठोकले. त्यांवर फळ्या टाकल्या, दगड बसवले, भिंती उभारल्या. चिखलाच्या आत हवा पोचत नाही. त्यामुळे लाकूड लवकर कुजत नाही.

शेतीला जमीन नव्हती. लोक मीठ पिकवत, मासे धरत आणि ते विकून धान्य आणत. पुढे त्यांनी मोठी गलबते बांधली. आपल्या देशातल्या मलबारची मिरी अरबी समुद्रातून इजिप्तला जाई. तिथून ती व्हेनिसची गलबते नेत आणि युरोपभर विकत. या व्यापारावर शहर श्रीमंत झाले. तिथे वंशपरंपरेचा राजा नव्हता. बड्या घराण्यांतले लोक आपल्यातून एक प्रमुख निवडत. गरिबाला मत नव्हते. पण तहान गरीब-श्रीमंत बघत नाही. पाण्याची व्यवस्था सगळ्यांसाठीच करावी लागली.

आडाला कुलूप

ती व्यवस्था अशी होती. चौकात मोठा खड्डा खणायचा. त्याला आतून चिकणमाती थापायची, म्हणजे खारे पाणी आत झिरपत नाही. मधोमध विटांचा आड बांधायचा. भोवती वाळू भरायची. वर उताराची फरसबंदी करून तिला भोके ठेवायची. पाऊस पडला की पाणी भोकांतून वाळूत उतरे, गाळून स्वच्छ होई आणि आडात जमे. शहरात असे सहा हजारांहून जास्त आड होते. बरेचसे घरांच्या अंगणात होते. चौकातले आड सगळ्यांचे होते.

चौकातल्या आडाला झाकण आणि कुलूप असे. किल्ली वस्तीच्या प्रमुखाकडे. सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की आड उघडे. लोक पाणी भरून नेत. पुन्हा कुलूप. पाऊस कमी पडला तर जवळच्या नदीचे पाणी होड्यांतून आणावे लागे. नळाचे पाणी आले ते १८८४ साली.

नद्या वळवल्या

दुसरे संकट गाळाचे. खाडीत नद्या येत आणि माती आणून टाकत. खाडी बुजली तर बंदर मेले. जवळच रावेन्ना नावाचे बंदर होते. गाळाने तिथला समुद्र दूर गेला. व्हेनिसने धडा घेतला. १५०१ साली पाण्याचे खास खाते नेमले. कालवे खणून ब्रेंटा, पियावे यांसारख्या नद्यांची तोंडे खाडीबाहेर वळवली. हे काम पिढ्यान् पिढ्या चालले.

१४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. मिरीला दुसरी वाट सापडली. हळूहळू व्हेनिसचा व्यापार उतरला. १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडवले. १८६६ साली शहर इटलीत सामील झाले.

जमीन खचली

विसाव्या शतकात समोरच्या किनाऱ्यावर मोठे कारखाने निघाले. त्यांनी खोल बोअर घेतले आणि जमिनीखालचे पाणी भरमसाट उपसले. पोटातले पाणी गेले, तशी वरची जमीन बसली. थोड्या वर्षांत शहर सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत खाली गेले. आधीच काठोकाठ असलेल्या गावाला अर्धी वीतही फार झाली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी वादळ आले. भरतीचे पाणी जुन्या खुणेपासून १९४ सेंटिमीटर वर चढले. घरे-दुकाने बुडाली.

तेव्हा लोकांचे डोळे उघडले. उपसा बंद केला. खचणे बरेच थांबले. पण गेलेली अर्धी वीत परत आली नाही. त्यात आता हवा तापल्यामुळे समुद्रही चढतो आहे. म्हणून खाडीच्या तीन तोंडांशी ७८ लोखंडी दारे बसवली आहेत. मोठी भरती आली की ती उचलतात. या कामात लाचखोरी झाली. २०१४ साली ती उघडकीला आली, बड्या माणसांना अटक झाली. काम लांबले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी दारे पहिल्यांदा भरतीपुढे उचलली आणि शहर कोरडे राहिले.

जुने आड आजही चौकाचौकांत आहेत. त्यांवर झाकणे आहेत. काहींच्या दगडी काठावर दोराने पडलेले घळ दिसतात. किती पिढ्यांनी तिथे पाणी शेंदले असेल!

आडाला कुलूप होते, तोवर पाणी सगळ्यांना पुरले. जमिनीखालच्या पाण्याला कुलूप नव्हते. ज्याच्याजवळ यंत्र, त्याने ते उपसले. आणि खचले मात्र सगळ्यांचेच घर.

विचार करा

१. आडाला आतून चिकणमाती का थापत?
२. नद्यांची तोंडे का वळवली?
३. तुमच्या गावात दहा वर्षांपूर्वी विहिरीला पाणी किती हातांवर लागे? आज किती हातांवर लागते?
४. ते पाणी कुणी किती उपसायचे, हे गावात कोण ठरवते?