माऊस की ट्रॅकपॅड? हाताला सोसेल अशी निवड

बँकेचा काउंटर, रेल्वेचे आरक्षण केंद्र, गावातील सेवा केंद्र, शाळेचे कार्यालय किंवा घरातील अभ्यासाचे टेबल, यांपैकी कोठेही आपण रोज काही तास टेबलावरील संगणक वापरत असाल, तर हे पत्रक आपल्यासाठी आहे. संगणक घेताना पडद्याचा आकार आणि यंत्राचा वेग बारकाईने पाहिला जातो. ज्या वस्तूवर आपला हात दिवसभर असतो, ती मात्र खोक्यात निघेल तशी स्वीकारली जाते. पुढे मनगट दुखू लागले की कोणी "माऊस सोडून ट्रॅकपॅड घ्या" असे सांगतो, तर कोणी नेमके उलट. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. ही दोन साधने हाताच्या वेगवेगळ्या भागांवर भार टाकतात. म्हणून आपल्या हाताचा कोणता भाग थकतो आणि आपले काम कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे व मगच साधन निवडावे.

मनगटाच्या आत काय असते?

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांची एक कमान असते आणि तिच्यावर एक जाड अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधील अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि मीडियन नावाची एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना या नसेमुळे स्पर्श कळतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याचे बहुतेक स्नायूही तिच्यावरच अवलंबून असतात.

मनगट सरळ असताना बोगद्यातील दाब कमी असतो. ते वर किंवा खाली वाकवून धरले की दाब वाढतो. माऊसचे बटण दाबून धरून पडद्यावरील वस्तू ओढत नेतानाही तो वाढतो. नस दीर्घकाळ दबून राहिली तर बोटांना मुंग्या येतात व बधिरपणा जाणवतो. या विकारास कारपल टनेल सिंड्रोम म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा विकार केवळ माऊसमुळे होतो असे सिद्ध झालेले नाही. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंद कार्य, संधिवात, स्थूलता आणि गर्भावस्था यांत तो अधिक आढळतो, तसेच पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्यामुळे बोटांना वारंवार मुंग्या येत असतील तर केवळ साधन बदलून स्वस्थ बसू नये. संगणकावर काम करणाऱ्यांच्या पुष्कळशा तक्रारी मात्र या नसेच्या नसतात. एकाच स्थितीत तासन्‌तास धरून ठेवलेल्या मानेच्या, खांद्याच्या आणि हाताच्या स्नायूंचा तो थकवा असतो.

माऊस: नेमकेपणा अधिक, भार खांद्यावर व मनगटावर

माऊस धरताना तळहात जमिनीकडे वळलेला राहतो आणि मनगट किंचित वर व करंगळीच्या दिशेने झुकते. त्यातच नेहमीच्या कळफलकाच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा असतात. त्यांच्या पलीकडे माऊस ठेवला की हात शरीरापासून दूर जातो व खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. संध्याकाळी उजवा खांदा आणि मानेची उजवी बाजू भरून येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नकाशे, आराखडे, छायाचित्रे किंवा मोठे तक्ते अशा नेमकेपणाच्या कामांत मात्र माऊस सहसा सरस ठरतो. त्यास ओलसर बोटांची अडचण होत नाही, आणि काही शे रुपयांत तो कोठेही मिळतो. टेबलावर काच असेल तर प्रकाशावर चालणारा साधा माऊस नीट सरकत नाही व हाताचे श्रम वाढतात. खाली साधे कापडी किंवा रबरी पॅड ठेवावे.

ट्रॅकपॅड: हात जवळ, भार बोटांवर

टेबलावरील संगणकास जोडता येणारा स्वतंत्र ट्रॅकपॅड आपल्याला हवा तेथे ठेवता येतो. कळफलकाच्या समोर किंवा डावीकडे ठेवल्यास खांदा शरीरालगत राहतो. वस्तू मुठीत धरावी लागत नाही, आणि हलक्या स्पर्शाने क्लिक होण्याची सोय सुरू केल्यास बटण दाबण्याचे श्रमही वाचतात.

हा भार नाहीसा होत नाही, तो बोटांकडे जातो. बोटे पृष्ठभागावर अधांतरी उचलून धरल्याने कोपराखालील हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू थकतात. वस्तू ओढून नेणे, मजकूर निवडणे ही कामे ट्रॅकपॅडवर अधिक किचकट होतात. एका बोटाने दाबून दुसऱ्याने ओढण्याच्या सवयीने अंगठ्याचे बूड दुखू शकते. घामेजलेल्या किंवा ओल्या बोटांनी पडद्यावरील बाण उड्या मारू लागतो. नोटा मोजताना ओल्या स्पंजला बोट लावणाऱ्या रोखपालास हा अनुभव लगेच येईल. बोटांच्या टोकांना इसब किंवा भेगा असतील तर सततच्या घर्षणाने त्रास वाढू शकतो. चांगल्या ट्रॅकपॅडची किंमत काही हजार रुपये असते, हेही ध्यानात घ्यावे.

निवड कशी करावी?

पुढील मार्गदर्शन प्राथमिक स्वरूपाचे आहे. निदान झालेला आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा.

१. खांदा किंवा मान दुखत असल्यास प्रथम माऊस शरीराजवळ आणावा. आकड्यांच्या कळा नसलेला लहान कळफलक वापरल्यास ही जागा सहज मिळते. तेवढ्याने भागले नाही तर समोर ठेवलेला ट्रॅकपॅड उपयोगी पडू शकतो.

२. अंगठ्याचे बूड किंवा बोटांचे सांधे दुखत असल्यास ट्रॅकपॅडवरील ओढण्याची कामे टाळावीत. हाताच्या मापाचा माऊस अधिक सोयीचा ठरण्याची शक्यता आहे.

३. मनगट दुखत असल्यास साधन कोणतेही असो, मनगट सरळ राहते का हे पाहावे. उभ्या धाटणीच्या माऊसवर हात हस्तांदोलन करताना असतो तसा राहतो. काहींना तो मानवतो.

४. दिवसभर अर्ज किंवा नोंदी भरावयाच्या असल्यास दोन्ही साधनांचा वापर कमी करणे हाच उत्तम उपाय आहे. एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यासाठी टॅब कळ वापरावी. नक्कल करण्यासाठी कंट्रोल व सी, तर चिकटवण्यासाठी कंट्रोल व व्ही या कळा वापराव्यात.

५. डावखुऱ्या व्यक्तींनी दोन्ही हातांस चालेल असा सममित माऊस घ्यावा व संगणकाच्या सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करावी.

बहुतेक संगणकांस माऊस आणि ट्रॅकपॅड एकाच वेळी जोडता येतात. उजव्या हाती माऊस व डाव्या हाती ट्रॅकपॅड ठेवून काम वाटून घेतल्यास कोणत्याही एका हातावर सारा भार पडत नाही.

आधी मांडणी, मग खरेदी

समजा, आपल्या टेबलाखाली कळफलकासाठी सरकती फळी आहे. फळी अरुंद असल्याने तीवर कळफलक मावतो, पण माऊस वर टेबलावर राहतो. दर क्लिकसाठी आपला हात वीतभर वर व पुढे जातो. अशा ठिकाणी महागडा माऊस घेऊनही खांदा दुखणे थांबणार नाही. कळफलक व माऊस दोन्ही एकाच पातळीवर आणले, तर कदाचित काहीही विकत घ्यावे लागणार नाही. फळीवर जागाच नसेल तर तेथे मावणारा लहान ट्रॅकपॅड हा विचार करण्याजोगा पर्याय ठरतो.

मांडणी तपासताना पुढील क्रम ठेवावा.

• खांदे सैल सोडून बसावे. कोपर शरीराजवळ आणि साधारण काटकोनात असावे.
• टेबल उंच वाटत असल्यास खुर्ची वर करावी. पाय अधांतरी राहिल्यास त्यांखाली पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवावा.
• मनगट टेबलाच्या धारदार कडेवर टेकवू नये. हात हलवताना तो कोपरापासून हलवावा.
• पडद्यावरील बाणाचा वेग असा ठेवावा, की थोड्या हालचालीत तो पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचेल.
• दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात साधनावरून पूर्णपणे काढावा, बोटे उघडावी-मिटावी व शक्य तर उठून उभे राहावे.

ही मांडणी पाच कामाचे दिवस पाळावी. रोज संध्याकाळी कोठे दुखते आणि ० ते १० यांपैकी किती, हे वहीत लिहावे. त्यानंतरच साधन बदलावे व पुन्हा पाच दिवस तशीच नोंद ठेवावी. एकाच वेळी सर्व काही बदलल्यास कशाने गुण आला ते कळत नाही. नवे साधन पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. वेदना किंवा मुंग्या वाढल्या तर मात्र ते बाजूला ठेवावे. एकच साधन अनेक जण पाळीपाळीने वापरत असतील तर ते पुसून स्वच्छ ठेवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास साधनाची निवड बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

• रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे.
• अंगठा, तर्जनी व मध्यमा यांतील बधिरपणा दिवसाही टिकून राहणे. केवळ करंगळीकडील बाजू बधिर होत असल्यास दुसरी नस दबलेली असू शकते. तेही डॉक्टरांना सांगावे.
• हातातून पेला किंवा चावी निसटणे, सदऱ्याची बटणे लावताना अडचण येणे.
• अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट दिसणे.

शेवटचे लक्षण विशेष गंभीर आहे. नस फार काळ दबलेली राहिल्याने तेथील स्नायू झिजू लागल्याचे ते चिन्ह आहे. एवढा उशीर झाल्यावर उपचार करूनही गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही. याउलट, लवकर आलेल्या रुग्णास रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यासारख्या साध्या उपायानेही पुष्कळदा आराम पडतो. गर्भावस्थेतील हा त्रास बहुधा प्रसूतीनंतर कमी होतो, तरीही तो तपासणीच्या वेळी अवश्य सांगावा. ज्यांचे पोट हाताच्या कामावर चालते, त्यांनी "कामाचा ताण आहे, जाईल" असे म्हणून महिने घालवू नयेत.

वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत. त्यांमुळे जठर व मूत्रपिंडांस इजा होऊ शकते. दुखऱ्या मनगटास जोराने मालिश करून घेऊ नये किंवा ते ओढून घेऊ नये. जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय येथे दाखवावे. प्रवास शक्य नसल्यास ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेतून डॉक्टरांशी बोलता येते. तपासणीस जाताना आपली नोंदवही बरोबर न्यावी. मधुमेह आहे का, रक्तातील साखर व थायरॉइडची तपासणी हवी का, हेही विचारावे.

तातडीची सूचना: एका हातातील शक्ती अचानक जाणे, सोबत चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. हाताच्या वेदनेसोबत छातीत दडपण व घाम येणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

ध्यानात ठेवावे

माऊस आणि ट्रॅकपॅड यांपैकी कोणतेही साधन सर्वांसाठी निर्दोष नाही. मनगट सरळ, कोपर जवळ, खांदा सैल आणि मधूनमधून विश्रांती या चार गोष्टी पाळल्यास साधा माऊसही सोसतो. त्या न पाळल्यास सर्वांत महाग ट्रॅकपॅडही दुखणे थांबवू शकत नाही. आज काम संपल्यावर दोन्ही तळहात शेजारी धरून पाहावेत आणि अंगठ्यांचे उंचवटे सारखे दिसतात का, बोटांना स्पर्श सारखा कळतो का, हे तपासावे. फरक जाणवला तर तपासणी लांबणीवर टाकू नये.